लव्हाळ्याच्या फुलाचं कोडं

शेतकऱ्याला लव्हाळा म्हणजे कितीही खुरपला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा वर येणारं तण. त्याच गाठी वाळवून नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात पडतात. त्याला फूल येतं, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. तिधारी दांड्याच्या शेंड्यावरचं एक तांबूस कणिशक, म्हणजे चिमुकलं कणीस, तोडून भिंगाखाली धरा. दोन्ही बाजूंना एकाआड एक बसलेली तुसं दिसतील. नखाने एक तूस उचकटलं की आत तीन पुंकेसर, मधोमध अंडाशय आणि त्यावर तीन फाट्यांची कुक्षी. निदल नाही, पाकळी नाही. झालं फूल!

स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये सायपेरस (आपला लव्हाळा यातलाच), केरेक्स, स्किर्पस ही प्रजातींची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांची, नावं मांडली, फ्रान्सच्या जुस्यूने १७८९ मध्ये लव्हाळ्यासारख्या या वनस्पतींचं वेगळं कूळ केलं. आज त्यात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. कूळ ठरलं, पण हे फूल एकच की अनेक फुलं आक्रसून झालेला गुच्छ, हे काही ठरेना.

घोळ घातला तो याच कुळातल्या, उष्ण प्रदेशातल्या जंगलांत वाढणाऱ्या मापानियाच्या गटाने. तिथे मधोमध अंडाशय असतं आणि भोवतीच्या खवल्यांच्या बगलेत बहुधा एकेकच पुंकेसर. खवले म्हणजे पाकळ्या मानल्या तर हे एक फूल. प्रत्येक पुंकेसर म्हणजे झिजलेलं नर फूल मानलं तर अख्खा फुलोरा. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातल्या होल्टम यांनी १९४८ मध्ये दुसरी बाजू घेतली आणि कुळातली बाकीची फुलंही अशाच फुलोऱ्यातून आक्रसत आली असं मांडलं. कल्पना देखणी होती, पण वाळलेल्या नमुन्यांवरून असा वाद मिटणं अवघडच.

उत्तर मिळायला कळीच्या आत डोकवावं लागलं. २००५च्या सुमारास बेल्जियममधल्या लूव्हेन आणि गेंटच्या अभ्यासकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळ्या वाढताना टप्प्याटप्प्याने पाहिल्या. स्किर्पसमध्ये सहा राठ केस, तीन पुंकेसर, तीन कुक्षी: एकदल वनस्पतींचा नेहमीचा तीन-तीनचा हिशेब. म्हणजे हे खरंखुरं एक फूल. केस म्हणजे पाकळ्या-निदलांचेच अवशेष. याच कुळातल्या एरियोफोरममध्ये तेच केस वाढून कापसाचा झुपका होतो, आपल्या लव्हाळ्यात ते पार गळून गेले. मापानियाच्या गटाचा निकाल उलटा लागला. त्यातल्या लेपिरोनियाच्या कळीत जनुकांची प्रथिनं नेमकी कुठे दिसतात हे २०१३ मध्ये तपासलं, तेव्हा ‘एकच फूल’ हा अर्थ बाद झाला. होल्टम अर्धे बरोबर होते म्हणायचे.

केरेक्सची गंमत वेगळी. तिथे मादी फुलाभोवती एक छद, म्हणजे फुलाखालचं पान, गुंडाळून त्याची बंद सुरई होते आणि कुक्षी तेवढी तोंडातून बाहेर डोकावते. कोब्रेसियात ही सुरई एका बाजूने उघडी, म्हणून ती प्रजाती वेगळी धरत. डीएनएच्या पुराव्यानंतर २०१५ मध्ये तीही केरेक्समध्येच गेली.

पाकळ्या गेल्या त्या वाऱ्यावर परागण होऊ लागल्यावर. पण याच कुळातल्या, अमेरिकेतल्या रिंकोस्पोरा कोलोराटाने पुन्हा कीटकांना बोलावलंय. पाकळ्या काही परत आल्या नाहीत. फुलोऱ्याखालची हिरवी छदंच बुडाशी पांढरीशुभ्र झाली.