नुसतं 'लॉग' म्हणू नका

विसर्जनाच्या दिवशी माझी भाची ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी मोबाइलवर आवाज नोंदवत उभी होती. कॉलेजचा प्रोजेक्ट. रात्री नौपाड्यात आमच्या घरी बसून तिने पायथॉन या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम चालवला, तर ढोलताशा पथक निघालं १२९ डेसिबलचं! जेट विमानाच्या इंजिनाला खेटून उभं राहिल्यासारखं. "मामा, माइक गेला वाटतं."

माइक ठणठणीत होता. (प्रमाणित यंत्र नव्हे, पण प्रोजेक्टपुरता बरा.) पथक येण्याआधी तिथे ६० डेसिबल होते आणि पथक आल्यावर ध्वनीची तीव्रता हजारपट झाली. हजाराचा दहाच्या पायाचा लॉग ३ (दहाचा तिसरा घात हजार), डेसिबलसाठी गुणिले १०, म्हणजे ३० ची भर, एकूण ९०. प्रोग्रामने ३ च्या जागी ६.९ धरले, कारण पायथॉनचा नुसता 'लॉग' २.७१८... या पायाचा असतो. बारावीच्या लॉग टेबलचा पाया दहा. तो इंग्रज गणितज्ञ ब्रिग्जने रुळवला. स्कॉटिश गणितज्ञ नेपियरने १६१४ मध्ये मांडलेली लघुगणकं, म्हणजे लॉगच, वेगळी होती. सी आणि जावास्क्रिप्ट या भाषाही पायथॉनसारख्याच वागतात. एक्सेलच्या रकान्यातला 'लॉग' मात्र दहाचा, आणि त्याच एक्सेलच्या मॅक्रोमधला (आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममधला) पुन्हा २.७१८ चा. एका घरात दोन चुली!

तिने पाया १० लिहून पाहिला. उत्तर आलं २.९९९९९९९९९९९९९९९६. पायथॉन आतून दोन नैसर्गिक, म्हणजे २.७१८... पायाच्या, लॉगांचा भागाकार करतो आणि दोन्ही सोळा-सतरा अंकांपुढे कापलेले असतात. डेसिबलला याने फरक पडत नाही. पण संख्येतले अंक मोजायला लॉगचा अपूर्णांक छाटून एक मिळवतात; इथे छाटलात, तर हाती ३ ऐवजी २ उरतात. 'लॉग१०' हे वेगळं फंक्शन नेमके ३ देतं.

मग रेकॉर्डिंगच्या सुरुवातीच्या शून्यांवर प्रोग्राम अडला. दहाचा कुठलाच घात शून्य होत नाही, तेव्हा शून्याला लॉग नाही. पायथॉन निदान ओरडतो. जावास्क्रिप्ट मुकाट्याने उणे अनंत देऊन पुढे जातं. मला ओरडणारा परवडतो.

शेवटी सरासरी. अर्धा वेळ ६०, अर्धा वेळ ९०, म्हणून ७५? नाही. आधी लॉग उलटवून, म्हणजे दहाचे घात करून, तीव्रता काढायच्या, त्यांची सरासरी घ्यायची, मग पुन्हा लॉग. उत्तर ८७. तिने आलेख काढला आणि निवासी भागाची दिवसाची मर्यादा, ५५, लाल रेघेने दाखवली. ती रेघ पथक येण्याआधीच्या शांततेच्याही खाली पडली.