वाकडं नाणं आणि शहाणी गर्दी

निवडणूक आली की एक सूचना हमखास कानावर येते. मतदारांची परीक्षा घ्या म्हणे, आणि पास होतील त्यांनाच मत देऊ द्या. ज्याला अर्थसंकल्प कशाशी खातात हेही ठाऊक नाही, त्याच्या मताला माझ्या मताएवढीच किंमत का? (आपण स्वतः या परीक्षेत पास होणार, हे बोलणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं.) अशी परीक्षा घेऊन झालेली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ‘साक्षरता चाचणी’च्या नावाखाली ती चालायची आणि तिचा वापर मुख्यतः कृष्णवर्णीय नागरिकांना मतदार यादीबाहेर ठेवायला व्हायचा. १९६५च्या मताधिकार कायद्याने तिला चाप लावला. पण इतिहास क्षणभर बाजूला ठेवू. या सूचनेमागे एक हिशेब दडलेला आहे आणि तो हिशेबच चुकतो.

१९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे गुरांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा होती. समोर उभ्या बैलाकडे बघायचं आणि तो कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, ते तिकिटावर लिहून द्यायचं. तिकीट सहा पेन्सचं. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने स्पर्धेनंतर ती तिकिटं मिळवली. वाचता येण्याजोगी निघाली ७८७. ती चढत्या क्रमाने लावून त्याने बरोबर मधलं तिकीट काढलं. यालाच मध्यक म्हणतात. त्यावर आकडा होता १२०७ पौंड. बैलाचं वजन भरलं ११९८ पौंड, म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी. गॉल्टन हा सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्या माणसांचीच पैदास वाढावी या विचाराचा पुरस्कर्ता, सामान्य माणसाच्या अकलेबद्दल त्याला फारसा आदर नव्हता. तरी त्याने निकाल प्रामाणिकपणे छापला आणि वर लिहिलं की, सरासरी स्पर्धकाला बैलाचं जेवढं कळतं, तेवढंच बहुधा सरासरी मतदाराला राजकीय प्रश्नांतलं कळत असावं.

हे घडतं कसं, याचं गणित त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडून झालं होतं. फ्रेंच गणिती कोंडोर्से याने १७८५ साली ते केलं. समजा, एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे आणि प्रत्येक माणसाचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता ६० टक्के आहे. म्हणजे दहातल्या चार वेळा तो सपशेल चुकतो. अशा तिघांना बसवून बहुमत घ्या. तिघेही बरोबर असण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे २१.६ टक्के. दोघे बरोबर आणि एक चूक, असं तीन प्रकारे होऊ शकतं, त्याचे ४३.२ टक्के. बेरीज ६४.८. तिघांपैकी कोणीही एकटा ६०च्या पुढचा नाही, पण त्यांचं बहुमत आहे. अकरा जण घेतले तर ७५ टक्के, एकशे एक घेतले तर जवळजवळ ९८. शक्यता नुसती ५१ टक्के असली, म्हणजे माणूस नाण्यापेक्षा केसभर शहाणा असला, तरी दहा हजार एक जणांचं बहुमत ९८ टक्क्यांच्या आसपास पोचतं.

आता त्या ‘अडाणी’ मतदारांकडे येऊ. हजार मतदार घ्या. त्यातल्या शंभरांनी विषय नीट समजून घेतलाय आणि ते सगळे बरोबर बाजूलाच मत देतात, उरलेले नऊशे चक्क नाणं उडवून मत देतात. नाण्याचं काम सरळ असतं: साधारण साडेचारशे इकडे, साडेचारशे तिकडे, पंधरा-वीस मतांचा हेलकावा. ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि निकाल ठरवतात उरलेले शंभर. नाणेवाल्यांमुळे चुकीचा निकाल लागण्याची शक्यता दोन हजारांत एखादी. नऊशे लोक घरी बसले असते तरी निकाल तोच लागला असता, मग परीक्षा घेऊन मिळवायचं काय?

लोकशाहीचे भाट इथेच थांबतात. मला आवडतो तो यापुढचा भाग.

नाणं सरळ असेल, हे कोणी सांगितलं? नऊशे जणांचं नाणं जरासं वाकवून बघा. चुकीच्या बाजूला किंचित झुकणारं, म्हणजे बरोबर छाप पडण्याची शक्यता ५० ऐवजी ४६ टक्के. जाणत्या शंभरांची बाजू अजूनही शंभरात ८२ वेळा जिंकते. ४४ वर आणा, आता ती जिंकण्यापेक्षा हरते जास्त. ४२ वर आणा, शंभरात जेमतेम सहा वेळा जिंकते. चार टक्क्यांच्या वाकडेपणाने ८२चे सहा झाले! आणि हा वाकडेपणा अज्ञानातून येत नाही. ज्याला काहीच माहीत नाही त्याचं नाणं सरळच पडतं. सगळ्यांना एकच चुकीची गोष्ट ‘माहीत’ असली की ते वाकतं. कोंडोर्सेचं सूत्र मग उलटं चालतं: प्रत्येकी ४९ टक्के असलेले दहा हजार एक लोक बरोबर उत्तर देतात ते शंभरात दोनदा.

तेव्हा नाणं चुकीच्या बाजूला वाकलेलं नको, ही पहिली अट. दुसरी अट आणखी नाजूक आहे. प्रत्येकाची चूक ज्याची त्याची, स्वतंत्र हवी. चुका एकमेकींसारख्या किती, हे सहसंबंधाने मोजतात: शून्य म्हणजे पूर्ण स्वतंत्र, एक म्हणजे सगळ्यांची एकच चूक. हजार माणसांच्या चुकांमधला सहसंबंध ०.१ असेल, तर त्या हजारांची किंमत काढायचं सूत्र असं: एक हजार भागिले (एक अधिक ९९९ गुणिले ०.१). उत्तर येतं ९.९. हजार डोकी, पण माहिती दहांची. आणि लोक वाढवून सुटका नाही. सूत्रात लाख घाला, कोटी घाला, उत्तर दहाच्या पुढे सरकतच नाही. सहसंबंध ०.०१ वर आणला, तर तेच हजार लोक ९१ जणांचं काम करतात. सूत्र डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच धरा: एकच निरोप दहा गटांतून फिरून तुमच्याकडे दहा वेळा आला, तर ते दहा पुरावे नाहीत.

२०११ साली झ्यूरिकमध्ये १४४ विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. त्यांना आकड्यात उत्तर द्यायचे प्रश्न विचारले, मग काहींना इतरांची उत्तरं दाखवून पुन्हा अंदाज करायला सांगितलं. उत्तरं एकमेकांच्या जवळ सरकली, सत्याच्या जवळ फारशी गेली नाहीत, आणि विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास मात्र वाढला.

जाता जाता, निकालाआधी ग्रह-तारे बघून भाकितं करणाऱ्यांबद्दल. त्यांची शक्यता बरोबर ५० टक्के धरली, तरी कोंडोर्सेचं सूत्र सांगतं की लाख ज्योतिषांचं बहुमतही ५० टक्केच राहतं. शून्य माहितीची कितीही बेरीज केली तरी शून्यच.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. बैलाला एकच वजन असतं. कर वाढवून रुग्णालयं बांधावीत की कर कमी ठेवावा, याला तसं ‘बरोबर’ उत्तर नाही. तिथे कोणाला काय हवंय हा प्रश्न असतो, आणि ज्याचं त्यालाच ते जास्त कळतं. हे सूत्र चालतं ते त्यानंतरच्या प्रश्नाला: अमुक केल्याने तमुक खरंच होईल का?

त्या ७८७ तिकिटांनी एवढं चोख काम का केलं, याची कारणं गॉल्टनने स्वतःच दिली आहेत. सहा पेन्स भरावे लागत असल्यामुळे थट्टेखोर आले नाहीत. बक्षिसाच्या आशेने प्रत्येकाने आपापलं डोकं चालवलं. आणि बैलाच्या वजनावर तिथे कोणी भाषण केलं नाही.