स्मारक नाणे हवे आहे? आधी नोंदणीची मुदत पाहा

टीव्हीवर एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेल्या नव्या नाण्याचे प्रकाशन दिसले की लोक बँकेत जातात आणि हात हलवत परत येतात. ७५, १००, १२५ रुपयांची नाणी बँकेत मिळत नाहीत, कारण ती चलनात सोडलीच जात नाहीत. छत्रपती शिवाजी महाराजांचे १९९९ चे दोन रुपयांचे नाणे वेगळे होते. ते रोजच्या व्यवहारातले होते.

अर्थ मंत्रालय राजपत्रात नाण्याचे वजन, धातू, आकार जाहीर करते. पाडते आणि विकते ती सरकारी टाकसाळ (मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा). सगळ्यात जास्त माणसे चुकतात ती इथे: राजपत्राची तारीख, प्रकाशनाची तारीख आणि नोंदणी सुरू होण्याची तारीख, या तिन्ही वेगळ्या. नाण्याची आगाऊ नोंदणी या टाकसाळी चालवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या (एसपीएमसीआयएल) संकेतस्थळावर ठरावीक मुदतीपुरतीच खुली असते. ती कधी सुरू होणार हे ठळकपणे कळवायला काय हरकत आहे, कोण जाणे! तोवर संकेतस्थळ स्वतःच अधूनमधून पाहत राहा.

खाते उघडणे, पैसे भरणे सोपे आहे. पत्ता मात्र नीट लिहा. नाणे टपालाने येते, तेही बहुतेकदा बऱ्याच महिन्यांनी. मधल्या काळात घर बदलले तर पाकीट जुन्या दारावर जाते. पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, ऑर्डर क्रमांक वहीत लिहून ठेवा.

किंमत छापील आकड्याच्या कितीतरी पट असते. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचे ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, पण त्यात चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबे, निकेल, जस्त. चांदीतली गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर हा हिशेब आधी मांडा. नाणे दोन प्रकारांत मिळते. ‘प्रूफ’, म्हणजे आरशासारखे चकचकीत नाणे, महाग, कारण चकचकीत घासलेल्या साच्याने ते एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात. संग्रहाची हौस नसेल तर साधे ‘अनसर्क्युलेटेड’ (न वापरलेले, पण प्रूफसारखी चकाकी नसलेले) पुरे.

‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ म्हणत आधी शुल्क मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केले आहे.

प्रूफ नाणे हाती आले की शक्यतो डबीतून काढू नका. काढलेच तर कडेने धरा. बोटाचा ठसा उमटला तर तो पुसताना आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात.