रिकाम्या चौकटीमागचे ओझे : हिमप्रदेशातील छायाचित्रणाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९१५. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, तरंगत्या बर्फावर दोन माणसे बसली आहेत. पलीकडे ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फाच्या दाबाने मोडून पडले आहे, पण अजून पुरते बुडालेले नाही. मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली काचेची एकेक निगेटिव्ह उजेडासमोर धरतो. मोहिमेचा प्रमुख अर्नेस्ट शॅकलटन ती पाहतो आणि दोघे मिळून निकाल देतात. ठेवायची ती काच बाजूला जाते. नको ती हर्ली तिथल्या तिथे फोडून टाकतो, म्हणजे नंतर मन पालटायला जागाच नको. अशा सुमारे चारशे काचा फुटल्या, एकशेवीसच्या आसपास उरल्या. आणि याच काचांसाठी काही दिवसांपूर्वी हर्ली कपडे काढून जहाजाच्या पाण्याने भरलेल्या भागात उतरला होता.

काचा फोडाव्या लागल्या त्या वजनामुळे. पुढचा प्रवास छोट्या होड्यांतून व्हायचा होता आणि तिथे किलो-किलोचा हिशेब होता. गोठलेल्या प्रदेशांच्या छायाचित्रणाचा इतिहास सहसा धाडसाचा किंवा सौंदर्यदृष्टीचा म्हणून सांगितला जातो. मला तो आधी ओझ्याचा वाटतो. किती वजन न्यायचे, ते कोणी वाहायचे आणि त्यातले काय परत आणायचे, यावर चित्र कसे दिसणार हेही बऱ्याच अंशी ठरत गेले.

छायाचित्रणाची घोषणा १८३९ मध्ये झाली. त्याला खऱ्या अर्थाने घराबाहेर काढले ते फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या कोलोडियन पद्धतीने. काचेवर चिकट कोलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत धुवायचे. हे सगळे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे छायाचित्रकार जाईल तिथे अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि भरपूर पाणी सोबत हवेच. बर्फात पाण्याला तोटा नाही असे वाटेल, पण ते सगळे गोठलेले. आधी चूल पेटवा, मग बर्फ वितळवा, मग काच धुवा.

ऑग्युस्त-रोझाली बिसों या फ्रेंच छायाचित्रकाराने जुलै १८६१ मध्ये पंचवीस हमालांसह माँ ब्लाँचे शिखर गाठले आणि वर हेच केले. शिखरावर अंधारतंबू उभारायचा, बर्फ वितळवून काचा धुवायच्या, विरळ हवेत, दमलेल्या माणसांकडून. एवढ्या खटाटोपातून शिखरावर हाती लागल्या मोजक्याच काचा.

हिमालयात हेच सॅम्युअल बोर्नने केले, तेही वारंवार. नॉटिंगहॅममध्ये बँकेत कारकून असलेला हा गृहस्थ १८६३ मध्ये भारतात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून तीसेक हमाल घेऊन डोंगरात शिरला. पुढच्या वर्षी काश्मीर. १८६६ च्या तिसऱ्या सफरीत तो स्पितीकडे गेला आणि मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, त्याने काचा घेतल्या. इतक्या उंचीवरून त्याआधी कोणी छायाचित्र आणले नव्हते आणि पुढे वीसेक वर्षे तो विक्रम टिकला. या सफरींवर त्याने लंडनच्या छायाचित्रण-नियतकालिकात लांबलचक लेख लिहिले. मजूर ओझी टाकून पळून गेले आणि आपण काठी घेऊन त्यांना शोधायला निघालो, हेही त्यात लपवलेले नाही. काठीची बाजू तो सांगतो. त्या थंडीत काचेची पेटी पाठीवर घेऊन अनवाटेने चढणाऱ्याची बाजू मात्र कुठे नोंदलेली सापडत नाही.

बोर्नच्या हिमशिखरांच्या चित्रांत बहुधा माणूस नसतो. असलाच तर उंचीचा अंदाज यावा म्हणून कोपऱ्यात उभा केलेला. पाहणाऱ्याला वाटते, केवढा हा एकांत! प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या मागे अख्खा तळ पसरलेला असे. निर्जनता ही त्या जागेत होती त्याहून जास्त चौकटीत होती.

त्या काळच्या चित्रांची आणखी एक खूण म्हणजे कोरे आकाश. कोलोडियनला निळा आणि अतिनील प्रकाश फार लवकर दिसतो. त्यामुळे आकाश जळून पांढरे होई, ढग नाहीसे होत आणि शिखराचे बर्फ व मागचे आकाश एकमेकांत विरून जात. काहीजण दुसऱ्याच काचेवरचे ढग आणून छापताना जोडत. खऱ्या-खोट्याचा वाद संगणकाने सुरू केला असे म्हणणाऱ्यांनी हे ढग एकदा पाहावेत.

ध्रुवाकडच्या प्रदेशात ओझे जहाजाने वाहिले. अमेरिकन चित्रकार विल्यम ब्रॅडफर्ड १८६९ मध्ये ‘पँथर’ जहाजातून ग्रीनलंडला गेला तेव्हा बॉस्टनच्या एका स्टुडिओतले दोन छायाचित्रकार, जॉन डनमोर आणि जॉर्ज क्रिचरसन, त्याने बरोबर घेतले. १८७३ मध्ये निघालेल्या त्याच्या भल्यामोठ्या ग्रंथात शंभराहून अधिक छायाचित्रे प्रत्यक्ष चिकटवलेली होती. सफर मुख्यतः कलेसाठी होती. नवी भूमी शोधणे किंवा नकाशा काढणे हा तिचा हेतू नव्हता, आणि तेव्हा हे नवे होते.

मग १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली आणि दहाएक वर्षांत अशा काचा कारखान्यात तयार होऊ लागल्या. अंधारतंबू गेला. चित्र आज घ्या, महिन्यांनी घरी जाऊन धुवा. या बदलाचा सगळ्यात मोठा लाभार्थी म्हणजे इटलीतल्या बिएल्लाचा व्हित्तोरियो सेल्ला. डोंगर त्याच्या घरातच होते. काका क्विंतिनो सेल्ला हा इटालियन आल्पाइन क्लबचा संस्थापक. व्हित्तोरियोने कॉकेशसच्या तीन सफरी केल्या, १८९७ मध्ये अलास्काच्या सेंट एलियसवर आणि १८९९ मध्ये कांचनजंगेभोवती तो फिरला, १९०९ मध्ये अब्रुझीचा ड्यूक या इटालियन राजपुत्र-गिर्यारोहकाबरोबर के-२ च्या पायथ्याशी पोहोचला.

गंमत अशी की, कोरड्या काचेने वजन कमी होऊनही सेल्लाने ते पुन्हा वाढवून घेतले. आरंभीच्या काळात तो तीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या काचा वापरत असे. एकेक काच जवळपास किलोभराची, आणि कॅमेरा वेगळाच. मोठी काच म्हणजे मोठे करावे न लागणारे चित्र, ज्यात दूरच्या कड्यावरची भेग न् भेग दिसते. त्याची चित्रे पाहूनच गिर्यारोहकांनी पुढे वाटा आखल्या. अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार अँसेल अॅडम्ससारखा काटेकोर माणूसही त्याच्या कामापुढे नमला. माझ्या मते या सगळ्या परंपरेत सेल्लाच्या तोडीचा दुसरा नाही. कारण त्याच्या चित्रात पर्वत भव्य दिसण्याची धडपड करत नाही, तो फक्त अचूक दिसतो आणि तेवढ्याने पोटात गोळा येतो.

दरम्यान कोडॅक कंपनीच्या जॉर्ज ईस्टमनच्या रोल फिल्मने दुसरी वाट उघडली होती. तिची सगळ्यात अंगावर काटा आणणारी कसोटी एका फसलेल्या मोहिमेत लागली. स्वीडिश अभियंता आंद्रे ११ जुलै १८९७ रोजी स्वालबार्डहून दोन साथीदारांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तीन दिवसांत बलून बर्फावर टेकले. तिघे पायी निघाले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्विटोया या बेटावर पोहोचले आणि तिथेच संपले. त्यांचा तळ सापडला तो १९३० मध्ये. त्यात निल्स स्ट्रिंडबर्गने घेतलेल्या फिल्मही होत्या, तेहतीस वर्षे बर्फात आणि ओलाव्यात पडलेल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हेर्ट्सबर्गने २४० पैकी ९३ चित्रे वाचवली. बर्फावर आडव्या पडलेल्या बलूनकडे पाहत उभ्या दोन आकृती, हे त्यातलेच. डाग आणि ओरखड्यांमुळे हिमवादळ चालू आहे असे वाटते, पण ती खूण काळाची आहे.

थंडी फिल्म जपते, पण तिच्यावर काम करू देत नाही. हे सर्वात नीट शिकला आणि लिहून ठेवले ते हर्बर्ट पाँटिंगने. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉटच्या १९१० च्या अंटार्क्टिक मोहिमेत तो ‘कॅमेरा आर्टिस्ट’ अशी स्वतःची ओळख सांगत सामील झाला. केप इव्हान्सच्या झोपडीत त्याला स्वतंत्र डार्करूम मिळाली. थंडीने आखडलेली फिल्म वाकवली की तुटते, कोरड्या हवेत ती भरभर ओढली की स्थिर विजेच्या ठिणग्यांचे ओरखडे उमटतात, शटरमधले वंगण घट्ट होऊन शटर रेंगाळते, उबदार खोलीत आणलेल्या कॅमेऱ्यावर क्षणात दव धरून ते गोठते. धातूला चुकून जीभ लागली तेव्हा ती तिथेच चिकटली, आणि सोडवताना तिची साल निघाली, हा पाँटिंगचा स्वतःचा अनुभव. चित्रासाठी तो सोबत्यांना इतका वेळ थंडीत ताटकळत ठेवी की त्याच्या नावावरून त्यांनी क्रियापदच बनवले. ‘पाँट’ करणे म्हणजे पोझ देत गोठत राहणे.

त्याचे गाजलेले चित्र ५ जानेवारी १९११ चे आहे. हिमनगातल्या गुहेच्या आतून, बर्फाच्या कमानीतून दिसणारे ‘टेरा नोव्हा’ जहाज. पण ध्रुवावर पाँटिंग गेलाच नाही. तिथवर अवजड सामान नेणे शक्य नव्हते. ध्रुवाकडे जाणारी तुकडी निघण्याआधी त्याने स्कॉट, त्याचा सहकारी बॉवर्स वगैरेंना छायाचित्रण शिकवले. १८ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पाच जणांचे जे चित्र निघाले, ते बॉवर्सने दोरी ओढून घेतलेले आहे. नीट पाहिले तर त्याच्या हातातली दोरी दिसते. रचना म्हणून त्यात काही नाही, पण परतीच्या वाटेवर मेलेल्या त्या पाच जणांच्या चेहऱ्यांपुढे पाँटिंगची सगळी कमान फिकी पडते.

हर्लीलाही शेवटी असाच छोटा कॅमेरा उरला. काचा फोडल्यानंतर पुढच्या प्रवासासाठी त्याने खिशातला एक कोडॅक आणि तीन रोल ठेवले. मोहिमेतले लोक पुढे अडकून पडले त्या एलिफंट बेटावरची चित्रे त्यातून आली. मात्र हर्लीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बेटावरच्या लोकांची सुटका म्हणून प्रसिद्ध झालेले चित्र मुळात चार महिने आधीचे, मदत आणायला निघालेल्या होडीला निरोप देतानाचे आहे. त्यात फेरफार करून प्रसंग बदलला.

पुढचा टप्पा पटकन उरकता येतो. ओझे माणसाच्या पाठीवरून यंत्रांवर गेले. लुईस बॉइडने १९३० च्या दशकात पदरच्या पैशाने जहाज भाड्याने घेऊन पूर्व ग्रीनलंडच्या खाड्यांची हजारो छायाचित्रे घेतली. ब्रॅडफर्ड वॉशबर्नने अलास्कात विमानाचे दार काढून, पन्नास पौंडांहून जड कॅमेरा घेऊन शिखरे टिपली. नंतर पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा आणि कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली आणि गेलन रॉवेलसारखे गिर्यारोहक-छायाचित्रकार चढता चढता, प्रसंगी पळत जाऊन प्रकाश गाठू लागले. डिजिटल कॅमेऱ्याने काच आणि फिल्म दोन्ही संपवली, पण बॅटरी आली. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून ती आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी लागते. दव तर पाँटिंगच्या वेळी होते तसेच आहे. आणि प्रकाशमापक आजही बर्फाला राखाडी समजतो. समोर सगळे पांढरे असले की तो चित्र काळवंडून टाकतो, आणि आपल्यालाच प्रकाश एक-दोन ‘स्टॉप’ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावा लागतो.

ओझे हलके झाल्यावर चित्रांकडून अपेक्षा वाढल्या. कार्लटन वॉटकिन्सची योसेमिटीची चित्रे आणि १८७१ मधली विल्यम हेन्री जॅक्सनची यलोस्टोनची चित्रे ती ठिकाणे कायद्याने राखण्याच्या वेळी वॉशिंग्टनमध्ये पाहिली गेली होती. पण राखायचे म्हणजे ‘अस्पर्श’ राखायचे, ही समजूतही त्या रिकाम्या चौकटींनी पसरवली. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना त्याची किंमत मोजावी लागली. या पार्श्वभूमीवर भारतात जन्मलेल्या शुभंकर बॅनर्जींचे काम वेगळे उठून दिसते. त्यांनी अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्यात चारही ऋतूंत राहून चित्रे घेतली आणि त्यांत इनुपियात आणि ग्विचिन या तिथल्या मूळ रहिवाशांनाही जागा दिली. मार्च २००३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये तिथल्या तेलउत्खननावर चर्चा झाली तेव्हा सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी त्यांचेच छायाचित्र दाखवले. उत्खननाची तरतूद ५२ विरुद्ध ४८ मतांनी वगळली गेली. श्रेय चित्राला किती, हे मोजता येत नाही. पण नंतर स्मिथसोनियनमधले त्यांचे प्रदर्शन कमी दर्शनी जागी हलवले गेल्यावर वाद मात्र झाला.

जुन्या काचांना आता एक अनपेक्षित काम मिळाले आहे. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरीकडे छायाचित्रणाचे काम आले. यंत्रांशी त्याचे जमत नसे. त्याने काचा उलट्या घातल्या, कित्येक चित्रे वाया गेली आणि पुन्हा वर चढून ती घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या त्याच्या एका चित्रात एव्हरेस्टच्या उत्तरेकडची मुख्य रोंगबुक हिमनदी सुळक्यांनी भरलेली, पांढरीशुभ्र वाहताना दिसते. २००७ मध्ये गिर्यारोहक-छायाचित्रकार डेव्हिड ब्रीशियर्स तेच चित्र पुन्हा घ्यायला गेले. शिखराची रेषा तीच निघाली, पण खालची हिमनदी खूप खचलेली होती आणि तिच्या पात्रात बरेचसे दगडगोटे उघडे पडले होते.

अशा तुलनेसाठी जुना कॅमेरा नेमका कुठे होता ते शोधावे लागते. छापलेले जुने चित्र हातात धरायचे आणि जवळच्या धारेमागून दूरची धार जिथे डोकावते तो बिंदू जुळेपर्यंत सरकत राहायचे, दोन पावले डावीकडे, एक वर. जुळला की तिथेच ट्रायपॉड रोवायचा.