क्रूझर घरी सजवताय? आरटीओची परवानगी कशाला लागते, कागदपत्रं कोणती, अर्ज कसा करायचा

घरच्या घरी क्रूझरवर, म्हणजे लांब आणि बुटक्या बैठकीच्या मोटरसायकलवर, काम करायला बसणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच: याला आरटीओची परवानगी लागेल का? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. गाडीची आरसी काढा आणि तिच्यावरचा एकेक रकाना वाचा. इंजिन नंबर, चेसिस नंबर, सिलिंडरची संख्या, सीसी, इंधन, रंग, किती माणसं बसू शकतात, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचं वजन. कार्डावर सगळं छापलेलं नसलं तरी आरटीओच्या ‘वाहन’ प्रणालीत ते नोंदवलेलं असतं. तुमच्या कामामुळे यातली एखादी नोंद खोटी ठरणार असेल, तर पाना उचलायच्या आधी अर्ज करायचा.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ चा गाभा हाच आहे. कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. त्यातल्या पोटकलम ४ नुसार, परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट लक्षात घ्या. एका गाडीवर चार बेकायदा गोष्टी असतील तर हिशोब चार वेळा होतो.

परवानगीशिवाय काय करता येतं

बरंच काही करता येतं, आणि घरी करण्यातली खरी मजाही यातच आहे. सीटचं कुशन आणि कव्हर, ग्रिप, बॅकरेस्ट, विंडशील्ड, सॅडलबॅग, फूटपेग, लीव्हर, मागे नीट दिसेल असे आरसे, टाकीवरचे पॅड, कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या अॅक्सेसरीज. यातल्या कशानेही आरसीतली नोंद बदलत नाही.

हँडलचं थोडं वेगळं आहे. आरसीवर त्याचा रकाना नाही, पण उंच हँडल लावलं की क्लचची केबल, थ्रॉटलची केबल आणि ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) तिन्ही कमी पडतात. ताणलेला होज हँडल पूर्ण वळवल्यावर निसटू शकतो. म्हणून त्या मॉडेलसाठी बनवलेलं हँडल आणि त्याच्यासोबत येणारा लांब होज एवढ्यावरच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. टायरचंही तसंच. रुंद टायर दिसायला भारदस्त वाटतो, पण स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) किंवा चेनला घासतो. कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या मापाबाहेर जाऊ नका.

अर्ज करून करता येणारे बदल

सगळ्यात जास्त अर्ज रंगाचे असतात. टाकी आणि साइड पॅनल वेगळ्या रंगात हवे असतील तर आधी परवानगी घ्या. पूर्ण गाडीला विनाइल रॅप चढवून मूळ रंग दिसेनासा होत असेल तरी तो रंगबदलच धरला जातो. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण क्रूझरवाल्यांना तिचा मोह फार असतो: ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे हा रंग फक्त संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. कंपनीने मंजुरी घेऊन विकलेल्या हिरव्या छटा वेगळ्या. घरी स्प्रे मारून लष्करी हिरवा केला तर परवानगी मिळणार नाही.

दुसरा बदल इंजिनचा. जुनं इंजिन निकामी झालं आणि त्याच मॉडेलचं दुसरं बसवायचं असेल तर मार्ग आहे, मात्र मंजुरी आधी हवी. इंजिन कुठून आलं हे सिद्ध करणारं बिल लागतं आणि जुन्या गाडीतून काढलेलं असेल तर त्या गाडीची कागदपत्रंही लागतात. भंगार बाजारातून बिलाशिवाय आणलेलं इंजिन कितीही चांगलं चालत असलं तरी त्याचा नंबर आरसीवर चढत नाही, आणि ते चोरीचं निघालं तर प्रकरण तुमच्यावर शेकतं.

तिसरा बदल पेट्रोलची गाडी बॅटरीवर नेण्याचा. इथे घरी जुळवलेल्या किटला जागा नाही. किटला नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅट या त्यांपैकी दोन. बसवण्याचं कामही मान्यताप्राप्त ठिकाणीच व्हावं लागतं.

साइडकारबद्दल बरेच जण विचारतात. कायद्यातल्या ‘मोटरसायकल’च्या व्याख्येतच सुटी करता येणारी, जादा चाक असलेली साइडकार धरलेली आहे. पण ती जोडली की वजन आणि आसनक्षमता बदलते, त्यामुळे अर्जाशिवाय जोडू नका. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करायचे असतील तर कलम ५२(२) ची वेगळी सवलत आहे: तिथे बदल झाल्यानंतरही मंजुरी घेता येते. कायद्यातली ही मोकळीक फार मोलाची आहे आणि ज्यांना तिची गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोचायला हवी.

ज्यासाठी अर्ज करून उपयोग नाही

चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापणं. चॉपरसारखा पुढचा फोर्क लांब करायला हेडस्टॉकचा (फोर्क जिथे फ्रेमला जोडलेला असतो त्या भागाचा) कोन बदलावा लागतो, हार्डटेल म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली गाडी करायला मागचा सस्पेन्शनचा भाग कापून वेल्ड करावा लागतो. दोन्हीत व्हीलबेस बदलतो आणि फ्रेमची ताकद तुमच्या वेल्डिंगवर येऊन ठेपते. याला परवानगी मिळत नाही. मिळू नये असंही मला मनापासून वाटतं, कारण हेडस्टॉकचा जोड चालत्या गाडीत सुटला तर चालवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

सायलेन्सर हा दुसरा विषय. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा असते. आतला बॅफल (आवाज दाबणारा भाग) काढला की ती लगेच ओलांडली जाते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर धुराच्या मर्यादाही पाळल्या जात नाहीत. कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, एवढं होऊ शकतं. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील.

बॉबर, म्हणजे आखूड मडगार्डची सुटसुटीत गाडी, बनवताना मागचं मडगार्ड छाटून साडीगार्ड काढायची पद्धत आहे. नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असायलाच हवं. ओढणी किंवा साडी चाकात अडकून किती भयंकर अपघात होतात हे ज्याने पाहिलंय, तो साडीगार्डला कधी ‘लुक बिघडवतो’ म्हणणार नाही. पुढे लाल आणि मागे पांढरा किंवा निळा दिवा लावणं, स्पॉटलाइट, वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न, फॅन्सी नंबरप्लेट हेही नियमांत बसत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) सक्तीची आहे, तेव्हा प्लेट वाकवून साइडला लावण्याचा विचारही नको.

अर्ज कोण करू शकतो

आरसीवर ज्याचं नाव आहे तोच. मित्राकडून घेतलेली आणि अजून नावावर न झालेली गाडी असेल तर आधी नाव बदलून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं लेखी ना हरकत पत्र लागतं. दुसऱ्या राज्याचा नंबर असेल तर आधी तिथली एनओसी आणून इथे नोंदणी करावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि थकलेली ई-चलानं भरून टाका. त्यांच्यामुळे अर्ज अडकून बसतो.

कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, गाडीचे फोटो, कर्ज असेल तर ना हरकत पत्र. इंजिन किंवा किटसाठी बिल आणि मान्यतेची कागदपत्रं वेगळी. सगळ्याच्या स्वतः सही केलेल्या प्रती दोन-दोन ठेवा.

अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. जुन्या गाडीचा मोबाइल नंबर बंद पडलेला असेल तर तो आधी अपडेट करावा लागतो, आणि बहुतेकांचा वेळ इथेच जातो. मग वाहनातील बदलाची सेवा निवडा, बदल नेमका काय आहे ते लिहा, शुल्क भरा, पावती आणि अर्जाची प्रिंट काढा. ‘रंग बदलणे’ एवढंच लिहू नका. ‘टाकी व साइड पॅनल काळ्याऐवजी मरून’ असं लिहा.

मंजुरी हातात आली की मगच काम. काम झालं की गाडी तपासणीला न्यायची. मोटार वाहन निरीक्षक नंबर जुळवतात, बदल अर्जाप्रमाणे आहे का ते पाहतात आणि मग नोंद बदलते. मंजुरीआधीच बदल झालेला असेल तर कलम ५२(३) प्रमाणे तो १४ दिवसांच्या आत कळवून आरसी आरटीओकडे द्यावी लागते. पण बदल मुळातच नियमांत न बसणारा असेल तर कळवल्याने तो कायदेशीर होत नाही.

घरी काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट माझ्या चुकीतून. फ्रेमला पावडर कोटिंग करून घेतलं तेव्हा चेसिस नंबर झाकायला मी विसरलो. थर इतका जाड बसला की ठसाच उमटेना. निरीक्षकांनी गाडी परत पाठवली, आणि नंबर खरवडलाय असा संशय येऊ नये म्हणून तो थर हलक्या हाताने रसायनाने काढण्यात दोन दिवस गेले. तुम्ही कोटिंगला देण्याआधी नंबरचा फोटो काढा, ठसा घेऊन ठेवा आणि उष्णता सहन करणारी टेप त्यावर स्वतःच्या हाताने लावा. तिथे सँडपेपर अजिबात फिरवू नका.

नवीन आरसी आली की डिजिलॉकरमध्ये पुन्हा ओढून घ्या आणि तिची प्रत विमा कंपनीला पाठवा. महागडे दिवे, बॅग, विंडशील्ड हे अॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत वेगळे नोंदवून घ्या, नाहीतर नुकसानीच्या वेळी ते मोजले जात नाहीत. आणि काढलेले मूळ भाग विकू नका. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याआधी गाडी तपासणीला उभी करावी लागते. तेव्हा ती मूळ सीट, ते आरसे आणि ते हँडल माळ्यावर कापडात गुंडाळलेलं असलं तर एका दुपारच्या कामात गाडी तयार होते.