मासे सरकले, वाटे तेच राहिले: मॅकरेलच्या वादाची पार्श्वभूमी

समुद्र तापला की उबदार पाण्यातले मासे ध्रुवांच्या दिशेने सरकतात, हे आता नवीन राहिलेलं नाही. 1920 नंतर उत्तर अटलांटिक तापला तेव्हाही कॉड मासा ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याने बराच वर गेला होता. पण तेव्हा प्रत्येक देशाच्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांच्या मासेमारीच्या हद्दी नव्हत्या. त्या 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराने पक्क्या झाल्या, आणि मग कोणाच्या पाण्यात किती मासा यावरून कोटे ठरायला लागले. मासाच हद्द ओलांडून गेला तर काय करायचं, याचं धड उत्तर कोणाकडेच नव्हतं.

ते मॅकरेलने दाखवून दिलं. हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला, अंडी घालतो आयर्लंडच्या पश्चिमेला आणि त्याच्या आसपास, उन्हाळ्यात खायला उत्तरेकडे जातो. 2006-07 च्या सुमारास तो आइसलंडच्या पाण्यात मोठ्या संख्येने यायला लागला, आणि 2008 मध्ये तिथल्या बोटींनी लाखभर टनांपेक्षा जास्त पकडला, जिथे दोन-तीन वर्षांपूर्वी जवळपास काहीच मिळत नव्हतं. पाणी तापलं म्हणून आला, की मासा वाढला आणि खाणं कमी पडलं म्हणून पसरला, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. मला दोन्ही कारणं एकत्र वाटतात.

आता मुख्य मुद्दा. जुन्या वाटेकऱ्यांनी, म्हणजे युरोपीय संघ, नॉर्वे आणि फॅरो बेटं (आइसलंड आणि स्कॉटलंडच्या मधली) यांनी, आइसलंडला वाटपात बरोबरीने धरलंच नव्हतं. मग आइसलंडने 2010 साठी स्वतःच 1,30,000 टनांचा कोटा ठरवला, फॅरो बेटांनी आपला वाढवून 85,000 टन केला. त्याच ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरात मच्छीमारांनी फॅरोच्या बोटीला मासा उतरवू दिला नाही. 2013 मध्ये हेरिंग या दुसऱ्या माशाच्या कोट्यावरून फॅरोच्या हेरिंग-मॅकरेलवर युरोपीय संघात बंदी आली, 2014 मध्ये मॅकरेलवर समझोता झाला आणि बंदी उठली, पण आइसलंड समझोत्याबाहेरच राहिला. एकतर्फी कोटा हा हट्ट होता असं बरेच जण लिहितात, मला ते अर्धवट वाटतं, कारण मासा ज्यांच्या पाण्यात चरून वाढतो त्यांना वाटा नाकारणं हाही हट्टच होता, फक्त जुन्या कागदांच्या आधाराने केलेला.

भरडला गेला तो मासा. प्रत्येकाचा वाटा मिळवला की बेरीज शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा जास्त व्हायची, वर्षानुवर्षं. 2019 मध्ये या मॅकरेलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र स्थगित झालं. ब्रिटन युरोपपासून वेगळा झाल्यावर टेबलावर आणखी एक दावेदार आला, जुना समझोता 2020 अखेर संपला, आणि 2021 मध्ये नॉर्वे आणि फॅरोनेही आपापले कोटे एकतर्फी वाढवले, म्हणजे ज्या गोष्टीसाठी आइसलंडला दोष दिला तेच. 2020 च्या उन्हाळ्यातल्या पाहणीत आइसलंडच्या पाण्यात मॅकरेल खूपच कमी सापडला, तो तेव्हा पूर्वेला नॉर्वेच्या समुद्राकडे जास्त होता.