बक्षिसाधारित श्वानप्रशिक्षण

बक्षिसाधारित श्वानप्रशिक्षण : पाळीव कुत्र्याकडून हवे ते वर्तन घडताच त्याला खाऊ, खेळ किंवा शाबासकी द्यायची आणि नको त्या वर्तनाला फळच मिळू द्यायचे नाही, अशी शिकवण्याची पद्धत. मार, ओरडा आणि गळपट्ट्याचा हिसका यांना तीत जागा नाही. या पद्धतीमागच्या तत्त्वाला मानसशास्त्रात ‘धन प्रबलन’ म्हणतात. यातला ‘धन’ हा शब्द गणितातल्या अधिक चिन्हाच्या अर्थाने येतो : वर्तनानंतर काहीतरी मिळते आणि त्यामुळे ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते.

या विचाराची मुळे प्रयोगशाळेत आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांना कडी असलेल्या पेटीत ठेवून ती बाहेर कशी पडतात ते पाहिले. ज्या हालचालीने दार उघडे व बाहेरचे अन्न मिळे, ती हालचाल मांजर दर खेपेला लवकर करू लागे. यातून ‘परिणामाचा नियम’ पुढे आला. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये त्याचा विस्तार साधक अभिसंधान (परिणामांवरून वर्तन घडत जाण्याची प्रक्रिया) म्हणून मांडला आणि १९५१ च्या एका लेखात, घरच्या कुत्र्याला शिकवताना टिक् असा आवाज करणारे खेळणे कसे वापरता येईल, हेही सांगितले. त्यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४३ मध्ये प्राणी शिकवण्याचा व्यवसायच सुरू केला.

तरी ही पद्धत खऱ्या अर्थाने कसाला लागली ती समुद्री प्राण्यांपाशी. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, हिसका देता येत नाही, रागावले तर तो सरळ टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. प्रशिक्षकाच्या हाती उरते ती फक्त मासळीची बादली आणि शिट्टी. डॉल्फिन-प्रशिक्षक कॅरेन प्रायर यांनी १९६० च्या दशकात हवाईतील सी लाइफ पार्कमध्ये अशाच परिस्थितीत काम केले आणि पुढे तेच तंत्र कुत्र्यांच्या मालकांपर्यंत नेले. आज ‘क्लिकर’ म्हणून ओळखली जाणारी टिकटिक करणारी डबी त्यांच्या प्रयत्नांमुळे घरोघरी पोचली.

त्याआधीची परंपरा वेगळी होती. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये घालून दिलेली, जबरदस्तीवर आधारलेली लष्करी शिस्त दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिला पुढे लांडग्यांच्या कळपाचा दाखला मिळाला. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिवासातील लांडग्यांमध्ये वर्चस्वासाठी झगडे होतात असे नोंदवले होते. त्यावरून ‘मालकाने कळपाचा म्होरक्या झाले पाहिजे’ हा सल्ला निघाला. पण ते लांडगे एकमेकांना परके होते आणि कुंपणात कोंडलेले होते. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केले. आणि ‘म्होरक्या’ची कल्पना रुजवण्यात स्वतः मेक यांच्या आधीच्या लेखनाचाही वाटा होता. शास्त्राने सोडून दिलेला हा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास दिला जातो, आणि त्यापायी कितीतरी पिल्लांना उलटे पाडून दाबून धरले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षेचा अधिक वापर करणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे जास्त आढळली. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे.

पद्धतीचे सारे यश वेळेवर अवलंबून असते. कुत्रा बसला त्या क्षणी शाबासकी मिळाली तर बसण्याची मिळाली; खिशातून खाऊ काढेपर्यंत तो उठला तर ती उठण्याची झाली. म्हणून आधी खुणेचा एक आवाज ठरवतात, क्लिकरचा किंवा ‘शाब्बास’सारख्या छोट्या शब्दाचा. सुरुवातीला काही न मागता आवाज आणि लगेच खाऊ, असे पंधरा-वीस वेळा केले की कुत्र्याच्या लेखी त्या आवाजाला अर्थ येतो. मग हवी ती कृती घडताच तो आवाज करायचा. खाऊ दोन क्षण उशिरा पोचला तरी चालते. खाऊ वाटाण्याएवढा पुरे : पनीर, उकडलेले चिकन, गाजर. मात्र दिवसभराचा असा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावा.

‘ही तर लाच झाली’ असा आक्षेप घरातली मोठी माणसे हमखास घेतात. लाच काम होण्याआधी दाखवली जाते, बक्षीस काम झाल्यावर मिळते. हातातला तुकडा दिसल्याशिवाय कुत्रा बसत नसेल, तर तुकडा आधी दाखवण्याची चूक शिकवणाऱ्याची आहे.

शब्दांचा घोळ हा मराठी घरांतला खास प्रश्न. आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो, बाबा ‘खाली बस ना रे’ म्हणतात. कुत्र्यासाठी हे तीन निरनिराळे आवाज असतात. एका कृतीला एकच शब्द, आणि तो सर्वांनी वापरायचा, एवढे ठरले तरी निम्मे काम होते. बोलावण्यासाठी गावाकडचे ‘यू यू’ उत्तम : छोटे, उंच स्वरातले आणि दुरूनही ऐकू जाणारे.

बोलावल्यावर येणे हा जीव वाचवणारा धडा आहे आणि तोच सर्वांत जास्त बिघडवला जातो. कुत्रा रस्त्यावर पळतो, दहा हाकांनंतर परत येतो आणि आल्याबरोबर फटका खातो. फटका पळण्याचा होता हे माणसाला कळते. कुत्र्याला तो येण्याचा वाटतो. कितीही उशिरा आला तरी आल्याचे स्वागतच करावे. शी-शूच्या सवयीलाही हेच लागू पडते. पिल्लाला उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचे आणि काम उरकताच तिथल्या तिथे खाऊ द्यायचा; लिफ्टने वर येऊन दिलेला खाऊ घरात शिरल्याबद्दलचा ठरतो. घरात घाण केली म्हणून तिच्यात नाक घासल्याने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शी करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्यामागे जाऊ लागते.

जेवताना पानाशी येऊन भुंकणाऱ्या कुत्र्याकडे सगळ्यांनी दुर्लक्ष करायचे ठरते, तेव्हा भुंकणे कमी होण्याआधी काही दिवस वाढते. तेवढ्यात आजोबांचे मन द्रवते आणि ते पोळीचा तुकडा टाकतात. कधी मिळणारे, कधी न मिळणारे बक्षीस लॉटरीसारखे असते. त्याने सवय आणखी घट्ट होते. त्याऐवजी जेवणाच्या वेळी कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसण्याचे बक्षीस दिले, तर कुत्र्याला काय करू नये याबरोबर काय करावे हेही कळते.

पद्धतीला मर्यादाही आहेत. बक्षीस देऊन शिकवलेले प्राणी कधी कधी उपजत वर्तनाकडे घसरतात, हे ब्रेलंड दांपत्याने १९६१ मध्ये प्रामाणिकपणे नोंदवले : पेटीत नाणी टाकायला शिकलेले डुक्कर ती नाकाने उकरत बसे. मराठवाड्यातला कारवानी कुत्रा सशामागे धावण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला आहे. समोर ससा उठला असता त्याने पनीरसाठी परत फिरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. अशा कुत्र्याला उघड्या माळावर लांब दोरीवर ठेवावे आणि धावण्याचा खेळ हेच बक्षीस करावे.

शिकवणे आणि सांभाळणे यांत भिंत घालता येत नाही. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेते. या काळात भेटलेली माणसे, मुले, रिक्षा, कुकरची शिट्टी यांना ते पुढे फारसे बिचकत नाही. नेमके याच वेळी लसीकरण अपुरे असल्याने पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांचा धोका असतो. उपाय म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन फिरवणे आणि लस झालेल्या, निरोगी कुत्र्यांशीच भेट घालून देणे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात, आणि पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तेव्हा कधीही चुकवू नयेत.

नखे कापणे, कान पुसणे, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांतले गोचीड काढणे, हेही शिकवायचे धडेच आहेत : पंजाला हात, खाऊ, नखाला कटरचा स्पर्श, खाऊ, आणि पहिल्या दिवशी नख कापायचेच नाही. दिवाळीची तयारीही महिना-दोन महिने आधी, फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून आणि प्रत्येक आवाजामागे खाऊ देऊन करता येते. प्रत्यक्ष त्या रात्री खिडक्या बंद कराव्यात आणि कुत्रा कुशीत आला तर जवळ घ्यावे. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे.

ताटातले उरलेले देण्याच्या सवयीत धोका आहे. कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक ठरतात. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरला जाणारा झायलिटॉल विषारी आहेत. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात. नुसत्या दूध-भाकरीवर वाढत्या पिल्लाचे पोषण होत नाही.

दिवसभर फाटकाशी बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि मग ‘राखणीला चांगला’ म्हणून त्याचे कौतुक होते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही त्याच कलमात वेगळा गुन्हा म्हणून नोंदला आहे.

रस्त्यावरून घरी आणलेल्या मोठ्या कुत्र्याने आयुष्यभर ‘हाड’ ऐकलेले असते. उचललेला हात दिसताच तो अंग चोरतो. त्याच्या तोंडाशी खाऊ धरला तर भूक पुढे ओढते आणि भीती मागे, आणि या ओढाताणीतच चावा बसू शकतो. त्यामुळे पहिले काही दिवस खाऊ हातातून न देता त्याच्या मागे टाकतात. तो खाण्यासाठी वळून दूर जातो, तिथे त्याला मोकळे वाटते, आणि मग तो आपणहून, स्वतःच्या गतीने, माणसाकडे परत येतो.